रहाटाची दुसरी मूठ

त्या उन्हाळ्यात चर्चच्या आवारातल्या विहिरीचा तळ दिसू लागला. बायांनी आधी पोहऱ्याचा दोर वाढवला, मग गढूळ पाणी कापडातून गाळून घेतलं, आणि एके दिवशी पोहरा वर आला तो निम्मा चिखलाने भरूनच. गावातली दुसरी विहीर केव्हाच कोरडी पडली होती. नदी दीड तासाच्या चालीवर, आणि तीही नुसती नावाची. ही विहीर गेली तर माणसं चंबूगबाळं उचलून गाव सोडणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, पण तहान लागल्याशिवाय खणतो कोण? पंचांची बैठक बसली आणि ठरलं की गाळ उपसायचा, आणि तो गाळ्याने उपसायचा.

गाळ्या हे काही त्याचं नाव नव्हे. विहिरींचे गाळ काढता काढता ते त्याला चिकटलं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव सगळे विसरले, बहुधा तोही. पंचेचाळिशीचा, आडव्या बांध्याचा, सतत उकिडवं बसून गुडघे कायमचे वाकलेले. पूर्वी तो दिवसभर विहिरीत असे आणि दिवस मावळला की गुत्त्यात. दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी त्याला रस्त्याकडेच्या चरातून उचललं, घरी आणून न्हाऊ घातलं, आठ दिवस आपल्या ओसरीवर निजवलं, आणि पुढे बाप्तिस्मा दिला. तेव्हापासून त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. तीस वर्षांच्या सेवेत इतकं ठसठशीत, लोकांना बोट करून दाखवता येईल असं काम पाळकसाहेबांच्या हातून दुसरं झालं नव्हतं. बाहेरगावचा कुणी पाळक भेटला की ते चौथ्या वाक्याला गाळ्यावर येत. माझ्या हातचा माणूस, असं म्हणत.

आता हाताखालचा माणूस हाताखाली असतो तोवरच गोड लागतो, हे जगाला ठाऊक आहे. पाळकसाहेबांना ते त्या उन्हाळ्यात कळलं.

त्याच सुमाराला त्यांनी रविवारच्या उपासनेत एक माळ धरली होती. सहा रविवार, सहा उपदेश, विषय 'रोजच्या जगण्यातला विश्वास'. विश्वास हा चर्चच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा नसतो, तो स्वयंपाकघरात, बाजारात, बांधावर दिसला पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटे, आणि ते खरंही होतं. थंडीच्या दिवसांत, शालीत बसून, चहाच्या कपामागून कप रिचवत त्यांनी निळ्या वहीत ते सहाही उपदेश सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते. पहिला ताटावरच्या अन्नाबद्दल. दुसरा काम आणि विश्रांती. त्यात विश्रांतीच्या पवित्र दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला तर तो लगेच बाहेर काढणार नाही काय, हा प्रभूचा सवाल त्यांनी फार रंगवून सांगितला होता. तिसरा जिभेवर. मंडळी ऐकत, माना डोलावत आणि घरी जाऊन जिभेचे पट्टे चालवत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

दुसऱ्या उपदेशानंतरच्या सोमवारी गाळ्या विहिरीत उतरला.

कामाची रीत अशी. विहिरीच्या काठावर लाकडी रहाट, त्याला दोन बाजूंना दोन मुठी. खाली गाळ्या लोखंडी बादली भरणार, दोर हलवून 'ओढा' म्हणणार, आणि वर दोघांनी दोन मुठी धरून एका चालीत रहाट फिरवायचा. एकाने घाई केली किंवा दुसऱ्याने अंग चोरलं की बादली हिंदकळणार, भिंतीवर आपटणार, आणि मणभर चिखल खालच्याच्या टाळक्यात पडणार. म्हणून रहाटावर कोण उभं राहायचं हे गाळ्या स्वतः ठरवी. पहिल्या दिवशी त्याने कुंभाराला बोलावलं आणि दुसऱ्या मुठीवर कुंभाराच्या विधवा भावजयीला.

मातीच्या खड्ड्याच्या वाट्यावरून या दीर-भावजयीत तीन वर्षं विस्तव जात नव्हता. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी किती बैठका घेतल्या असतील त्याची गणती नाही. दोघांना समोरासमोर बसवून वचनं वाचून दाखवली, प्रार्थना केल्या, एकदा तर स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या दोघांच्या नाही. गाळ्याने मात्र उपदेशाचं अक्षर काढलं नाही. कमरेला दोर बांधता बांधता तो एवढंच म्हणाला, "माझा जीव तुमच्या दोघांच्या हातात आहे. भांडायचं तर मी वर आल्यावर भांडा."

आणि उतरला. मग काय करतात बिचारी? पहिल्या दहा बादल्या तोंडं फिरवून ओढल्या. अकराव्या बादलीला भावजयीचा पाय घसरला आणि कुंभार ओरडला, सांभाळा वहिनी. तीन वर्षांत त्याने वहिनी म्हटलं नव्हतं. दुपारी दोघं एकाच झाडाखाली भाकरीला बसली, आणि शनिवार उजाडेपर्यंत खड्ड्याची वाटणी त्यांची त्यांनीच करून टाकली.

ही बातमी पाळकीणबाईंनी जेवताना सांगितली. त्यांना वाटलं नवऱ्याला आनंद होईल. पाळकसाहेब छान म्हणाले, देवाची करणी म्हणाले, आणि ताटातला भात चिवडत बसले. तीन वर्षं नांगरट आपण केली, त्यांच्या मनात आलं, आणि पीक कुणी कापलं?

त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत जे कुसळ गेलं ते निघेना. ते रोज संध्याकाळी काम बघायला जाऊ लागले. काम बघायला म्हणजे माणसं कुणाकडे बघतात ते बघायला. पूर्वी ते आवारात आले की बाया पदर सावरून बाजूला होत, पुरुष उठून उभे राहत. आताही उठत, पण अर्धवट, आणि नजर विहिरीकडेच. गाळ्या वर येऊन काठावर बसला, अंगावरचा चिखल वाळून त्याला तडे जाऊ लागले, की पाण्यासाठी थांबलेल्या बाया त्याच्याभोवती जमत. कुणाचा नवरा मारतो, कुणाची लेक नांदत नाही, कुणाला रात्रीची झोप नाही. गाळ्या ऐके. नखातला चिखल काडीने काढत ऐके. मध्येच म्हणे, असं होय, अवघड आहे. यात काय विशेष आहे, हे पाळकसाहेबांना कळेना. ते स्वतः यापेक्षा किती चांगलं बोलत. शिंपी, जो पंचांमधला वडीलधारा आणि पाळकसाहेबांचा जुना खुशमस्कऱ्या, तो त्यांच्या कानाशी लागून म्हणाला की काल एकीने गाळ्याला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि त्याने विहिरीच्या काठावर चिखलाच्या हातानेच केली. पाळकसाहेब हसले. हसताना आपल्या जबड्याचं हाड दुखतंय हे त्यांना जाणवलं.

पण खरी मिरची झोंबली ती म्हातारीची. पाळकसाहेबांची आई ऐंशीची, गुडघे गेलेले, कान जपून वापरणारी, म्हणजे जे ऐकायचं तेवढंच ऐकणारी. दिवसभर खिडकीशी बसून असे. गाळ्याने एक दिवस तिची खुर्ची तिच्यासकट उचलली आणि विहिरीजवळच्या सावलीत नेऊन ठेवली. मग रोजचंच झालं. म्हातारी तिथे फुलली. ज्या गोष्टी लेकाने 'ऐकलंय आई ते' म्हणून वीस वर्षांपूर्वी बंद पाडल्या होत्या त्या सगळ्या तिथे पुन्हा सुरू झाल्या. शुक्रवारी पाळकसाहेब आवारात शिरले तेव्हा ती सांगत होती की माझा हा लेक लहान असताना मी शेजारचं पोर मांडीवर घेतलं की हा हळूच मागून येऊन त्याला चिमटा काढायचा. ते रडायला लागलं की मग हाच त्याला खेळवायचा, आणि सगळे म्हणायचे किती गुणाचा. बाया पोट धरून हसल्या. गाळ्याही हसला. मग सगळ्यांना एकदम पाळकसाहेब दिसले आणि हसू दाबलं गेलं, ते जास्त वाईट झालं.

पाळकसाहेबांना त्या माणसाचा हेवा वाटत होता. स्पष्टच सांगायचं तर ते जळत होते, ओल्या लाकडासारखे, आत धुमसत आणि सगळा धूर आपल्याच डोळ्यांत. आणि असं वाटतंय याची लाज वाटत होती, आणि लाज वाटायला लावतो म्हणून गाळ्याचा आणखी राग येत होता. गुडघे टेकून त्यांनी प्रार्थनाही केली. पण प्रार्थनेतही नाव त्याचंच येई, आणि देवाला सांगायचं राहून ते त्याच्याशीच मनात वाद घालत बसत.

शनिवारी उन्हं कलता कलता गाळ्या घराच्या मागच्या दारी आला. पायापासून डोक्यापर्यंत ओला, आणि चेहरा असा की जणू बारसं आहे. झरा सापडला होता. पूर्वेच्या अंगाला भिंतीच्या पायाशी, जुन्या गाळाखाली गाडला गेलेला. तो मोकळा करायला त्याने पायाचे चार दगड काढले होते आणि वरच्या भिंतीला लाकडाचे टेकू दिले होते. आता पाणी पाझरत होतं, चांगलं मनगटाएवढं. पण तेच पाणी मागची माती भिजवणार. दगड परत बसवायला पूर्ण दिवसाचा उजेड हवा आणि तोवर पाणी सतत उपसत राहायला हवं, नाहीतर टेकू सरकतील आणि भिंत बसेल. तेव्हा उद्या रविवारी काम चालू ठेवायची परवानगी हवी, आणि उपासनेला येणं जमणार नाही त्याची माफी.

पाळकसाहेबांना सगळं समजलं. ते काही मठ्ठ नव्हते. पण त्यांना एक चित्रही दिसलं: उद्या सकाळी घंटा होईल, आपण वर उभे राहू, आणि निम्मं गाव बाहेर रहाटाभोवती असेल. आतल्या बाकांवर शिंपी आणि चार म्हाताऱ्या. आणि बाहेरून आरोळी येईल, पाणी लागलं.

"रविवार प्रभूचा आहे," ते म्हणाले. "चर्चच्या आवारात त्या दिवशी काम होणार नाही."

गाळ्याने विचारलं, निदान दोन माणसं नुसतं पाणी उपसत बसली तर? उपसणं म्हणजे कामच, पाळकसाहेब म्हणाले. आवाज शांत होता, उपदेशाचा होता. गाळ्या जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, जास्तच वेळ. मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. मला जे काय येतं ते तुम्हीच शिकवलंय."

तो गेला. पायऱ्यांवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे राहिले, ते वाळेपर्यंत पाळकसाहेब तिथेच उभे होते.

रविवारी चर्च भरून गेलं. कितीतरी महिन्यांत इतकी माणसं आली नव्हती, रहाटावरची सगळीच आज मोकळी होती ना. गाळ्या शेवटच्या बाकावर बसला होता, केस धुऊन चापून बसवलेले, धुवट सदरा, नखं मात्र काळीच. पाळकसाहेबांनी निळी वही उघडली. चौथा उपदेश. विषय होता, शेजाऱ्याचं भलं पाहून आनंद मानावा. त्यांनी वही मिटली. आज मी तुमच्याशी विश्रांतीबद्दल बोलणार आहे, असं म्हणाले, आणि दोन रविवारांपूर्वीचाच विषय पुन्हा काढला, फक्त या वेळी बैलाची गोष्ट गाळली.

उपदेश निम्म्यावर आला असेल, आणि बाहेर आवाज झाला. आधी मऊ, पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. मग दगडांवर दगड, आणि मग बराच वेळ पाण्यात काहीतरी पडत राहिल्याचा. सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांची डोकी आधी मागे गाळ्याकडे वळली आणि मग पुढे पाळकसाहेबांकडे. गाळ्या अर्धा उठला होता, हात पुढच्या बाकावर. पाळकसाहेबांनी एक शब्द बोलायचा होता, जा. तेवढंच. पण ते बोलत राहिले. उरलेला उपदेश पुरा केला, गीत म्हणवून घेतलं, समारोपाची प्रार्थना केली आणि तीही नेहमीएवढीच लांब. त्यांच्या आमेनवर दोन-तीनच आवाज आले. बाकीचे दारात पोचले होते.

पूर्वेची भिंत कंबरभर उंचीपासून खाली बसली होती. झरा दगडमातीखाली गाडला गेला होता आणि जे काही पाणी साठलं होतं त्याची राड झाली होती. बाया काठावर घागरी घेऊन उभ्या होत्या. एकीने रडायला सुरुवात केली, मोठ्याने नाही. मग शिंपी पुढे झाला. पायाचे दगड काढायला कुणी सांगितलं होतं, त्याने गाळ्याला सगळ्यांदेखत विचारलं. दारुडा तो दारुडाच, हात कापत असतील. काढले ते काढले, भिंतीला धोका आहे एवढं तरी कुणाला सांगायचं होतंस. आम्ही रात्रभर उपसत बसलो असतो.

गाळ्या काही बोलला नाही. त्याने पाळकसाहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून तो विहिरीत बघत होता आणि ओठ हलत होते, पडलेले दगड मोजत असावा. चारचौघांनी शिंप्याला दुजोरा दिला. कुंभार म्हणाला, असं कसं होईल, पण त्याचा आवाज विरला.

आणि पाळकसाहेब? त्यांनी तोंड उघडलं, आणि देवाची इच्छा, असं काहीतरी म्हणाले. लगेच माणसं त्यांच्याभोवती आली. आता पुढे काय करायचं, नदीवर गाड्या पाठवायच्या का, तुम्हीच सांगा पाळकसाहेब. कितीतरी दिवसांनी सगळ्या माना त्यांच्या दिशेला होत्या. खोटं कशाला बोला, त्या घडीला त्यांना गोड लागलं. विहीर बुजली होती, गाव तहानेने मरायला टेकलं होतं, आणि त्यांच्या जिभेवर गुळाचा खडा होता.

तो खडा घरापर्यंत पुरला. पाळकीणबाईंनी ताट वाढलं आणि समोर न बसता भिंतीकडेच्या पेटीवर जाऊन बसल्या. जेवत का नाहीस, पाळकसाहेबांनी विचारलं. बाई बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिल्या. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"काल उन्हं कलताना मी मागच्या खिडकीत भाजी निवडत होते," त्या म्हणाल्या.

बस. एवढंच. पाळकसाहेबांचा घास हातातच राहिला. कोपऱ्यातून म्हातारी बोलली, तिला ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं. बैलाचं आज का नाही सांगितलंस, तिने विचारलं. चांगली गोष्ट आहे ती. मी वाट बघत होते. मग तीच पुटपुटली, "असू दे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

दुपारभर ते आपल्या खोलीत बसून होते. बाहेर ऊन रणरणत होतं, रहाट गप्प होता. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की शांतता कानाला टोचत होती. त्यांनी निळी वही घेतली. चौथा उपदेश, पहिली ओळ: शेजाऱ्याच्या ताटात वाढलेलं पाहून आपलं ताट रिकामं होत नाही. किती झोकदार अक्षर होतं. वेलांट्या कशा लपेटदार. ज्याने हे लिहिलं त्या माणसाची कुणाशी गाठ पडली नव्हती, त्याला कुणी मागे टाकलं नव्हतं, त्याला गरम चहा मिळत होता. असा उपदेश काय, कुणीही लिहील. पाळकसाहेबांनी ती ओळ चार वेळा वाचली, आणि मग त्यांना आठवलं की चिमट्याची गोष्ट आईने पुरती सांगितली नव्हती. शेजारचं ते पोर रडायचं, आणि त्याचीच आई त्याला किरकिरं म्हणून धपाटा घालायची. आणि आपण बघत उभे राहायचो. तेव्हाही गोड लागायचं.

सोमवारी सकाळी गाळ्या आपले दोर गुंडाळून हातगाडीवर ठेवत होता. बाया दूर उभ्या होत्या, नदीच्या वाटेला लागायच्या तयारीने. कुंभार गाडीचं चाक धरून त्याला थांब म्हणत होता. शिंपी कमरेवर हात ठेवून उभा. पाळकसाहेब आले ते अंगरख्याच्या बाह्या दुमडलेल्या, आणि लोक उठायच्या आत बोलायला लागले, कारण थांबलो तर जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. शनिवारी हा माझ्याकडे आला होता, ते म्हणाले. भिंत बसेल म्हणून सांगितलं, रविवारी काम करू द्या म्हणून हात जोडले. मी नाही म्हटलं. विहीर मी पाडली.

शिंपी लगेच मदतीला धावला. अहो, ते तुम्ही धर्मासाठी केलंत, प्रभूच्या दिवसासाठी, त्यात तुमचा काय दोष. चार माना हलल्या. सुटकेचं दार उघडं होतं, आणि त्यातून बाहेर पडायची इच्छा पाळकसाहेबांना झाली नाही असं नाही.

"धर्मासाठी नाही," ते म्हणाले. "मी याच्यावर जळत होतो. तुम्ही सगळी याच्यापाशी जाता म्हणून."

कुठे बघावं ते कुणाला कळेना. एका बाईने डोक्यावरची रिकामी घागर उगीचच खाली ठेवली. पाळक असं बोलतो हे त्या गावाने कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काहींना ते आवडलंही नाही. गाळ्या तेवढा दोर गुंडाळत राहिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

कधीपासून, पाळकसाहेबांनी विचारलं.

"शनिवारी तुमचं तोंड बघितलं तेव्हाच. गुत्त्यात बसायचो ना, तर मालक शेजारच्याच्या पेल्यात किती ओततो ते मी बघत असायचो. माझा भरलेला असला तरी बघायचो. तसं तोंड होतं तुमचं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. पाळकसाहेबांचे कान तापले. ठाऊक होतं तर काल बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारायला हवं होतं, पण उत्तर काय येईल याची त्यांना भीती वाटली. गाळ्याने गुंडाळलेला दोर पुन्हा सोडला. जे पडायचं ते पडून गेलंय, तो म्हणाला, वरची भिंत घट्ट आहे. खाली कोण उतरतो? मी उतरतो, कुंभार म्हणाला, माती मला कळते. त्याच्या भावजयीने त्याच्या कमरेचा दोर दोनदा ओढून बघितला. गाळ्याने रहाटाची एक मूठ धरली आणि दुसरीकडे मान केली. पाळकसाहेबांना सांगावं लागलं नाही. त्या रहाटावर कुणाला कुणासमोर उभं करतात हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पहिल्या पाच बादल्यांत तळहात सोलले. पाळकसाहेबांचे हात कागदाचे, त्यांना दोराचा हिसका ठाऊक नव्हता. ते घाई करत, मग दमून मागे पडत, आणि बादली हिंदकळे. गाळ्या म्हणे, माझ्याकडे बघा, मी श्वास सोडतो तेव्हा ओढा. म्हणजे त्याच माणसाकडे बघायचं, टक लावून, सकाळभर. शिंप्याने तक्रार करत का होईना चिखलाच्या पाट्या वाहिल्या. म्हातारीची खुर्ची सावलीत आली. एक दगड वर आला, दुसरा आला. सातवा येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि पाळकसाहेबांच्या मुठीला रक्ताचा ओलावा लागला.

मधल्या वेळी भावजयीने पाण्याचा तांब्या आणला. नदीचं पाणी, कोमट. बादली अर्ध्यात लटकलेली, तेव्हा एकाने रहाट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने प्यायचं. तिने तांब्या गाळ्याच्या हातात दिला. त्याच्याच हातात आधी दिला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. सगळ्या गावासमोर बोलून मोकळा झालेला माणूस, पण त्याच्या छातीत तीच जुनी कळ उठली. सगळा भार एकट्याच्या फाटलेल्या हातांवर घेऊन पाळकसाहेब उभे होते आणि गाळ्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. किती प्यायला, आता किती उरलं. मूठ सोडून चालतं व्हावंसं वाटलं. पण दोराच्या खालच्या टोकाला बादली होती आणि बादलीखाली कुंभार होता.

गाळ्याने तांब्या खाली घेतला. त्यांचं तोंड त्याने बघितलं. मग तांब्या तिरका करून आतलं पाणी त्यांना दाखवलं.

"निम्मं ठेवलंय," तो म्हणाला. "बघून घ्या."

पाळकसाहेबांना आधी लाज वाटली आणि मग, कसं कोण जाणे, हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना, रहाट थरथरायला लागला तसा गाळ्याने झटकन दुसरी मूठ धरली. पाळकसाहेबांनी तांब्या घेतला आणि ते पाणी प्यायले, सगळं. खालून कुंभाराचा आवाज आला, पायाला गार लागतंय, ओढा लवकर. त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला, हात अंगरख्याला पुसले आणि पुन्हा मूठ धरली.